जपानी अळीचा बंदोबस्त

भगवानराव अडते मोजपट्टी घेऊन उर्वशी टॉकीजमध्ये शिरले आणि पडद्यापासून दरवाज्यापर्यंतची जागा मोजू लागले, तेव्हा घनश्यामभाऊ तिकीटखिडकीत बसून चहा पीत होते. शोची वेळ केव्हाच टळून गेली होती आणि खिडकीकडे एक शेळी सोडली तर कोणी फिरकलं नव्हतं. महागावात टॉकीज ही एवढीच. घनश्यामभाऊंच्या वडिलांनी ती बांधली तेव्हा फुलसावंगीची माणसं बैलगाड्या जुंपून सिनेमाला यायची. आता त्यांची नातवंडं खाटेवर आडवी पडून मोबाइलवर सिनेमा बघत होती.

"हॉल मस्त हाय भाऊ," भगवानराव आतून ओरडले. "खुर्च्या काढल्या का सोयाबीनची थप्पी थेट छताले लागते. वल बी नाई कुठी."

"मी अजून हो म्हनलं नाई, भगवानराव."

"म्हना ना मंग! सोयाबीन काढाले आलं. शुक्करवारी येतो मी, तवा काय थे सांगून टाका."

घनश्यामभाऊ तसे समाधानी गृहस्थ होते. सिनेमाचं त्यांना वेड नव्हतं. खरं तर आपल्याच टॉकीजमध्ये बसून त्यांनी एकही सिनेमा धड पूर्ण पाहिला नव्हता. पण खिडकीत बसावं, आतून शिट्ट्या ऐकू याव्यात, मध्यंतरात भज्यांचा वास सुटावा, एवढ्यावर त्यांचं आयुष्य मजेत चाललं होतं. सोयाबीनची पोती काही शिट्ट्या मारत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं आणि चहा कडू लागला.

त्यांची पुतणी समीक्षा पुण्यात नोकरीला होती आणि सणासाठी म्हणून घरी आली होती. तिनं काकांचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "काका, गोडाऊन करायच्या आधी एक सिनेमा लावून पाहा. जपानी अ‍ॅनिमे. पुण्यात तर त्याला पहाटेचे शो ठेवावे लागतात, एवढी गर्दी राह्यते."

"अ‍ॅनिमे म्हंजे?"

"चित्रांचा सिनेमा."

"कार्टून म्हन ना मंग सीधं."

"कार्टून नाही काका! हे मोठ्या माणसांचं असते."

घनश्यामभाऊंनी दचकून आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मोठ्या मानसांचं? बाई, आपली टॉकीज फॅमिलीवाली हाय."

त्यांची समजूत घालता घालता समीक्षाची संध्याकाळ गेली. शेवटी मुंबईच्या वितरकाला फोन झाला. त्याच्याकडे 'सायो और गुलाबी दैत्य' नावाचा हिंदीत डब केलेला सिनेमा होता. तालुक्याच्या गावातून कोणी तो मागतंय याचंच त्याला इतकं नवल वाटलं, की त्यानं अटीबिटी न घालता होकार दिला आणि पोस्टरांचा गठ्ठा बसनं पाठवून दिला.

पोस्टर उलगडलं आणि घनश्यामभाऊ त्याच्यावर वाकले. हिरवीगार दरी. दरीवर वेटोळं घालून बसलेली डोंगराएवढी गुलाबी अळी. आणि तिच्यासमोर हातात काठी घेऊन उभी असलेली एक चिमुकली पोरगी.

"हे त आपली बोंडअळी दिसते," ते म्हणाले.

"दैत्य आहे तो, काका."

"तेच म्हनतो ना मी."

समीक्षानं जाहिरातीचं काम मनावर घेतलं. मोबाइलवर तिनं छोटे छोटे व्हिडिओ टाकले आणि त्यांना भराभर लाल बदाम येऊ लागले. तिनं ते काकांना कौतुकानं दाखवले.

"हे बदामवाले कुठले होय?"

"यवतमाळचे आहेत, पुण्याचे आहेत. ही एक तर ब्राझीलची आहे."

"ब्राझीलवाली येते काय महागावले?"

घनश्यामभाऊंनी मग आपल्या पद्धतीनं सेवादासला बोलावून घेतलं. सेवादासचा ऑटो होता आणि ऑटोवर भोंगा होता. बियाणं आलं, खत आलं, कीटकनाशकाच्या कंपनीचा मेळावा आला, की तालुकाभर ओरडायचं काम त्याचंच. त्याचा आवाज असा खणखणीत, की शेतात वाकलेल्या बाया कंबर सरळ करून ऐकायच्या.

समीक्षानं त्याला मजकूर लिहून दिला. सेवादासनं तो वाचला, मान डोलावली आणि बाजारगल्लीतून पहिली फेरी मारली. थोड्याच वेळात टॉकीजच्या दारात दोन म्हातारे येऊन उभे राहिले. एकानं पोटावर हात ठेवला होता.

"लय दिवसाचा त्रास हाय भाऊ," तो म्हणाला. "इथी जपानी एनिमा देतेत म्हने."

घनश्यामभाऊंनी म्हाताऱ्यांना दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि सेवादासला फोन करून परत बोलावलं. "अबे, थो शब्दच काढून टाक! कोनाले समजत नाई तसं बोलाचं कायले? साध्या भाषेत सांग."

"सांगतो ना. पन सिनेमात हाय काय?"

समीक्षा उत्साहानं पुढं झाली. "एक दरी असते. तिथं एक गुलाबी अळी येते आणि सगळी शेतं खात सुटते. काही केल्या थांबत नाही. मग सायो नावाची मुलगी तिचा बंदोबस्त करायला निघते."

"समजलं," सेवादास म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर असा आत्मविश्वास होता, की तेव्हाच घनश्यामभाऊंनी सावध व्हायला हवं होतं. पण ते खुर्च्या पुसून घेण्याच्या गडबडीत होते.

कपाशीला बोंडं धरली होती. त्या साली गुलाबी बोंडअळीनं महागावापासून फुलसावंगीपर्यंत माणसांची झोप उडवली होती. बोंड वरून टवटवीत दिसायचं आणि फोडलं की आत अळी निवांत बसलेली. लोकांनी फवारण्या केल्या, राख टाकली, शिव्या दिल्या, पण अळी काही हलली नाही. अशा वेळी सेवादासचा ऑटो गावात शिरला.

"कास्तकार बंधूंनो! गुलाबी अळीनं हैरान झाले काय? फवारून फवारून हात दुखले काय? आता चिंता सोडा! पाहा, गुलाबी अळीचा जपानी बंदोबस्त! मोठ्या पडद्यावर! शुक्करवारपासून, उर्वशी टॉकीज, महागाव! बायकोले घेऊन या, लेकरायले घेऊन या!"

ऑटो पुढं गेला आणि मागं बातमी वाढत गेली. पहिल्या पारावर ती 'जपानी औषध आलं' अशी होती. दुसऱ्यावर 'जपानी साहेब आले' अशी झाली. फुलसावंगीला पोचेपर्यंत जपानी साहेब स्वतःच्या हातानं बोंड तपासून सल्ला देणार होते, आणि सोबत सातबारा नेला तर सापळे फुकट मिळणार होते.

शुक्रवारी घनश्यामभाऊंनी टॉकीजचं फाटक उघडलं आणि ते जागच्या जागी उभे राहिले. रस्त्यावर ट्रॅक्टर लागले होते. ट्रॉल्यांतून म्हातारी माणसं, बाया, पोट्टे उतरत होते. रांग फाटकातून निघून रसवंतीच्या मागं वळली होती. घनश्यामभाऊंचा ऊर भरून आला. पुतणीच्या बदामांवर आपण उगाच संशय घेतला, असं त्यांना वाटलं.

खिडकीवर पहिला नंबर फुलसावंगीच्या उकंडाकाकांचा होता. धोतर, डोक्याला रुमाल, मागं बायको तुळसाबाई. उकंडाकाकांनी खिडकीतून मूठ आत घातली आणि उघडली. तळहातावर फोडलेलं बोंड होतं.

"हे पाहा," ते म्हणाले. "हे इथी बसली हाय. साहेबाले दाखवाची हाय."

"कोन्या साहेबाले?"

"जपानी. आन् हा सातबारा. झेरॉक्स चालते का असल पाह्यजे?"

घनश्यामभाऊंच्या डोळ्यांसमोर सगळं लख्ख झालं. त्यांनी रांगेकडे नीट पाहिलं. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात कागदाची गुंडाळी होती आणि बायांच्या पदरात काहीतरी बांधलेलं होतं. त्यांनी समीक्षाला कोपऱ्यात ओढलं.

"पोरी, हे लोक सिनेमा पाहाले नाई आले. अळी माराले आले!"

"मग सांगून टाका ना त्यांना खरं काय ते."

घनश्यामभाऊ स्टुलावर चढले आणि त्यांनी प्रामाणिकपणे सांगून पाहिलं. "मंडळी, आयका! हा सिनेमा हाय, सिनेमा!"

"हो ना, माहीत हाय. पडद्यावर दाखोतेत," रांग म्हणाली.

"जपानी साहेब-गिहेब कोनी नाई."

"मंग काय झालं? इडिओत सांगन ना थो."

"याच्यात सल्ला नाई, औषध नाई, सापळे नाई! नुसती गोष्ट हाय!"

"भाऊ, आमी ट्रॅक्टर करून आलो," मागून कोणीतरी म्हणालं. "तुमी तिकिटं द्या, बाकी आमी पाहून घेऊ."

याच्यापुढं माणूस काय करणार? घनश्यामभाऊंनी तिकिटं फाडायला घेतली. पुष्कळ वर्षांनी 'हाऊसफुल्ल'चा बोर्ड लागला. तो मागच्या अंगणात पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून सापडला. आणि बोर्ड टांगून होतो न होतो तोच समीक्षाची बदामवाली मंडळी येऊन पोचली. यवतमाळहून बसनं आलेली कॉलेजची पोरं-पोरी. एकीनं सायोसारखा झगा घालून हातात काठी घेतली होती. अश्वजित नावाच्या पोरानं निळ्या केसांचा टोप चढवला होता. त्याला पाहताच रांगेत खळबळ माजली.

"आला! जपानी आला!"

उकंडाकाका लोकांना बाजूला सारत त्याच्यापुढं गेले आणि त्यांनी बोंड त्याच्या नाकाशी धरलं. "सायेब, हे पाहा. दोनदा फवारलं. मरतच नाई."

अश्वजित गोंधळला. "काका, मी काय करू याचं?"

"अरे! मराठी बोलते हा!"

"मी लोहाऱ्याचा होय, काका. यवतमाळच्या लोहाऱ्याचा."

"मंग डोक्याले काय झालं तुया?" उकंडाकाकांनी कळवळून विचारलं. "औषध उडालं काय अंगावर?"

तिकडं झगेवालीला बायांनी घेरलं होतं आणि काठीला फवारणीची नळी कुठून जोडायची, असं त्या विचारत होत्या. समीक्षानं या मंडळींना कसंबसं सोडवलं आणि मंडपवाल्याकडून आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर भिंतीकडेनं बसवलं. एवढ्यात ठरल्याप्रमाणे भगवानराव उत्तर घ्यायला आले. दारातून त्यांनी आत डोकावलं. पोतं ठेवायला सोडाच, पाय ठेवायलाही जागा नव्हती. ते घनश्यामभाऊंच्या शेजारी उभे राहिले.

दिवे गेले आणि सिनेमा सुरू झाला. घनश्यामभाऊ मागच्या दाराला टेकून देवाचं नाव घेत होते. पण पूर्वार्ध असा काही रंगला, की वडिलांच्या काळातही टॉकीज एवढी रंगली नसेल. अळीनं पहिलं शेत खाल्लं आणि सगळ्या हॉलनं सुस्कारा टाकला. दुसरं खाल्लं तेव्हा मागच्या रांगेतून एक बाई चक्क रडली. सायोनं काठीचा पहिला टोला हाणला, तशा शिट्ट्या पडल्या.

"हान! अजून हान!"

"अशी समोरून नोको जाऊ बाई, मांगून जाय!"

तुळसाबाईंना वेगळीच काळजी लागली होती. "एकटी पोट्टी कुठी कुठी पुरन वो?" त्या शेजारणीला म्हणाल्या. "हिच्या घरचे मानसं काय करून राह्यले? बसले असतीन पारावर."

मध्यंतराला दिवे लागले तेव्हा घनश्यामभाऊंच्या जिवात जीव आला होता. तो फार वेळ टिकला नाही. फाटकाशी स्कूटर थांबली आणि कृषी सहायक रुपाली मॅडम हेल्मेट काढत थेट त्यांच्याकडे आल्या. त्यांच्या कानावर भोंगा गेला होता.

"बोंडअळीचा बंदोबस्त तुम्ही करून राह्यले म्हणे, घनश्यामभाऊ?"

"मॅडम, माही काही चूक नाई. सेवादासनं..."

"मी गावात मीटिंग घेते तेव्हा सतरंजी रिकामी राह्यते," रुपाली मॅडम आत डोकावत म्हणाल्या. "आणि इथं एवढी माणसं? पैसे देऊन? भाऊ, माइक हाय काय तुमच्याकडं?"

माइक होता. रुपाली मॅडम पडद्यासमोर उभ्या राहिल्या. पिशवीतून त्यांनी कामगंध सापळा काढला, नर पतंग वासानं त्याच्यात कसा येऊन अडकतो ते सांगितलं, तो शेतात किती उंचीवर बांधायचा ते दाखवलं. भजी खाणारे हात मध्येच थांबले. लोक टक लावून ऐकत होते. एकानं तर 'वन्स मोअर' दिला. सापळे कुठून न्यायचे तेही मॅडमनी सांगितलं, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून स्वतःही उरलेला सिनेमा पाहू लागल्या.

उत्तरार्धात मात्र घात झाला.

सायो गुहेत शिरली. जखमी अळी तिथं पडली होती. सायोनं काठी उगारली, सगळा हॉल खुर्चीच्या कडेला आला, आणि अळीच्या डोळ्यातून एक मोठा थेंब ओघळला. सायोची काठी खाली आली. पुढं ती त्या अळीला पाणी पाजू लागली, गावकऱ्यांपासून लपवू लागली. हॉलमध्ये कुजबूज वाढली. अळीनं स्वतःभोवती धागे गुंडाळायला सुरुवात केली, तसे उकंडाकाका उठून उभे राहिले.

"अवो बाई! कोष करून राह्यली थे! आत्ता मार! आत्ताच मोका हाय!"

सायोनं ऐकलं नाही. कोष फुटला, सोनेरी पंखांचा भला मोठा पतंग बाहेर आला, दरीवरून उडाला आणि त्याच्या पंखांची भुकटी पडेल तिथं फुलं उमलू लागली. भिंतीकडेच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर कॉलेजची पोरं हमसून हमसून रडत होती. अश्वजितनं तर निळा टोप काढून त्यानंच डोळे पुसले. आणि बाकीच्या हॉलमधून एकच ओरडा उठला.

"पतंग झाला ना बे! आता अंडे देईन!"

"अख्ख्या दरीत देईन!"

"गेला पुढचा हंगाम!"

दिवे लागले तेव्हा घनश्यामभाऊ घेरले गेले होते. बंदोबस्त झालाच नाही, उलट अळीला पाळलं, पैसे वापस करा, असा गलका उठला. सगळ्यात पुढं उकंडाकाका होते. तेव्हा अश्वजित मध्ये पडला.

"काका, थे अळी वाईट नोती! तिचं जंगल तोडून लोकायनं तिथी शेतं केलती. जागा तिचीच होती ना!"

गलका थांबला. उकंडाकाकांनी विचार केला.

"सातबारा कोनाच्या नावावर होता?" त्यांनी विचारलं.

"तिथं सातबारा नसते, काका."

"मंग तिची जागा हाय म्हनून कोन म्हनलं?"

"अतिक्रमन होय थे," दुसरा एक जण म्हणाला. "पोट्टं बरोबर बोलून राह्यलं."

"कायचं बरोबर? पेरलं त्यायनं, राखलं त्यायनं!"

वाद फाटकातून रस्त्यावर आला, रस्त्यावरून चहाच्या टपरीवर गेला. पैसे वापस मागायचं सगळे विसरले. ट्रॅक्टर सुरू झाले तरी ट्रॉल्यांमधून हातवारे चालूच होते. घनश्यामभाऊ खिडकीत येऊन बसले. झाला एवढा तमाशा पुष्कळ झाला, उद्या भगवानरावांना किल्ली देऊन टाकू, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

दुसऱ्या दिवशी किल्ली खिशात घालून ते टॉकीजवर आले, तर रांग रसवंती ओलांडून पुढं गेली होती. आता कोणाच्या हातात सातबारा नव्हता. घरोघर दोन पक्ष पडले होते. काही अळीकडून होते, काही गावकऱ्यांकडून. ज्यानं सिनेमा पाहिला नव्हता त्याला पारावर कोणी बोलू देत नव्हतं, म्हणून आता उरलेले आले होते. पाहून गेलेले पुन्हा आले होते, कारण काल भांडताना काही मुद्दे निसटले होते. फुलसावंगीच्या बायांनी तर अळीला जाताना कोणी निरोपही दिला नाही, यावर वेगळंच भांडण काढलं होतं. सेवादास ऑटो घेऊन पोचला, तर त्याला ओरडायचं कारणच उरलं नव्हतं. त्यानंही तिकीट काढलं.

रविवारी मुंबईच्या वितरकाचा फोन आला.

"सर, बाकी बऱ्याच ठिकाणी आम्ही शो उतरवले आणि तुमच्याकडे सगळे हाऊसफुल्ल? तुमची मार्केटिंग टीम कोण आहे?"

"एक पुतनी हाय," घनश्यामभाऊ म्हणाले, "आन् एक ऑटोवाला."

"पण टार्गेट ऑडियन्स कसा ठरवला तुम्ही?"

"थो त्याचा त्यानंच ठरवला, साहेब."

समीक्षा शेजारी उभी राहून हसू दाबत होती. तिच्या व्हिडिओंवर आता नवेच लोक मजकूर लिहू लागले होते. 'दरीच्या पंचनाम्याचं काय झालं?' असं कोणीतरी विचारलं होतं, आणि ब्राझीलची ती मुलगी त्याचा अर्थ विचारत होती.

भगवानराव त्या दिवशी सहकुटुंब आले. "सोयाबीनचं मी दुसरीकडं पाहून घेतलं," तिकिटं घेता घेता ते म्हणाले. "पन एक सांगतो घनश्यामभाऊ, थे पोट्टी चुकलीच. एवढ्या लोकायच्या मालाचं नुकसान केलं तिनं." त्यांच्या सौभाग्यवतींनी लगेच तोंड फिरवलं. त्या अळीच्या पक्षाच्या होत्या.

त्यांच्या मागून उकंडाकाका खिडकीशी आले. शुक्रवारी आले, शनिवारी आले आणि आज पुन्हा हजर. घनश्यामभाऊंना राहवलं नाही.

"काका, तुमी त पैसे वापस मांगून राह्यले होते ना?"

उकंडाकाकांनी नजर दुसरीकडं वळवली. "पाहून राह्यलो," ते म्हणाले. "एखाद्या बारीले तरी मारते काय थे."

तिकिटं घेऊन ते ताडताड आत गेले. तुळसाबाई मात्र पदर सारखा करत खिडकीपाशी रेंगाळल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "कायचं मारते न् काय! काल थे पोट्टी काठी घेऊन धावली, त हेच उभे राहून वरडले. मारू नोको वो माय, तिचे दिवस भरत आले म्हने."

घनश्यामभाऊ हसायला लागले. "मंग घरच्या कपाशीत काय करून राह्यले आता?"

"तिथी लावले ना मॅडमनं सांगतले थे सापळे. सकाळी उठले का पह्यले जाऊन पतंग मोजतेत."

"आन् त्यायची दया नाई येत?"

तुळसाबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू एवढा टॉकीजचा मालक असून या माणसाला साधी गोष्टही कळत नाही.

"थे कुठी जपानी होत!" त्या म्हणाल्या आणि घाईघाईनं आत गेल्या. सिनेमा सुरू झाला होता.